शेटेकाकांची मंडळी

टेक्सासमधल्या रानडुकरांना एकोणतिसाचा पाढा ऐकवणारा माणूस माझ्या माहितीत एकच. तो पाढा शेटेकाकांनी स्वतःच्या खणखणीत आवाजात कॅसेटवर भरला होता. शेताच्या कडेला गाडीची जुनी बॅटरी, तिला जोडलेला टेपरेकॉर्डर, त्यावर पावसासाठी प्लास्टिकचं घमेलं. ऊन उतरलं की काका बटण दाबायचे आणि "एकोणतीस एके एकोणतीस" त्या सपाट माळावर लांबपर्यंत घुमायचं.

"काका, एकोणतिसाचाच का?" मी विचारलं.

"मला लहानपणी त्याचीच भीती वाटायची."

पहिला आठवडा डुकरं फिरकली नाहीत. दुसऱ्या आठवड्यात टेपरेकॉर्डरच्या भोवतालची जमीन नांगरल्यासारखी उकरलेली सापडली. काकांनी घमेलं उचलून मशीन धड आहे याची खात्री केली आणि म्हणाले, "मंडळी ऐकून गेली."

काका त्यांना डुकरं कधीच म्हणत नसत. मंडळी. "काल मंडळी येऊन गेली." "मंडळींनी खाल्लं कमी, सांडलं जास्त." आपल्याकडच्या लग्नातल्या वरपक्षाबद्दल बोलावं तसं बोलायचे, आणि रागही साधारण तसाच असायचा, वरून आदर आणि आतून धुसफूस.

हे सगळं चौऱ्याऐंशी-पंच्याऐंशीच्या सुमाराचं. आम्ही दोघं डॅलसच्या एकाच ऑफिसात होतो. काका पुलांचे इंजिनियर, मूळचे बार्शीचे, पन्नाशी उलटलेले. मी तिशीतला, नवीन लग्न झालेला, कोणाशी फारसं न बोलणारा. फ्रिस्कोच्या पुढे उत्तरेला तासाभराच्या ड्राइव्हवर काकांनी चाळीस एकर घेतले होते. तिथे त्यांनी बार्शीहून आणलेलं शाळूचं बी पेरलं होतं. कसं आणलं ते मी विचारलं नाही. आजूबाजूचे शेतकरी ज्वारीला मायलो म्हणत आणि गुरांना घालत. काकांना ते लागायचं. "मायलो काय मायलो! हुरडा खाऊन बघा म्हणावं, गुरांच्या तोंडचा काढून घ्याल."

शनिवार-रविवार ते शेतावर. टाय लावून. "जमिनीवर जायचं तर नीट जावं. पद्धत असते." ही "पद्धत असते" सगळ्याला लागू होती. अॅल्युमिनियमच्या शिड्यांचं मचाण बांधायला, नायलॉनच्या दोरीची गोफण विणायला, सगळ्याला. गोफणीने त्यांनी स्वतःच्याच पिकअपची काच दोनदा फोडली. डुकराला दगड एकदाही लागला नाही.

शेजारी डेल राहायचा. शिकारी. सहा कुत्री, दोन बंदुका, वाक्याला चार शब्द. काका त्याला डेलराव म्हणत आणि तो काकांना टायमुळे प्रोफेसर म्हणे. शिकारी आणि शेतकरी यांचं त्या भागात फारसं बरं नव्हतं. शेतकऱ्यांना डुकरं नकोत, शिकाऱ्यांना हवीत. काही शिकारी तर म्हणे दक्षिणेकडून ट्रेलरमध्ये डुकरं आणून नदीकाठी सोडत, शिकारीला तोटा पडू नये म्हणून. त्यामुळे कुणाचं पीक उकरलं गेलं की पहिला संशय शिकाऱ्यावर. पण डेल जुना माणूस. त्याला पाच-सहा शेतकऱ्यांनी आपापल्या फाटकाच्या किल्ल्या दिलेल्या होत्या. काकांनीही.

दुपारी दोघं काकांच्या पिकअपचं मागचं फळकूट पाडून जेवायला बसत. डावीकडे डेलरावांचं डुकराच्या मांसाचं सॉसेज, उजवीकडे काकांची भाकरी आणि ठेचा, मधे पेपर टॉवेलची सीमारेषा. बोलायचे एकटे काका. पुलांबद्दल, बार्शीबद्दल, नॉर्थ कॅरोलायनाला कॉलेजात असलेल्या आणि फोनवर फक्त "फाइन, बाबा" म्हणणाऱ्या मुलाबद्दल. डेल चावत राहायचा.

त्यानेच काकांना पिंजरा करून दिला. लोखंडी जाळीचा, वरून धाडकन पडणाऱ्या दाराचा. आत आमिष म्हणून आंबवलेला मका. काकांनी त्यात गूळ घातला. "ताट वाढायचं तर नीट वाढावं."

त्या वर्षी शाळू असा आला होता की काय सांगू. काकांनी डॅलसच्या सगळ्या मराठी लोकांना हुरड्याचं आमंत्रण दिलं. साठ घरं. शेंगदाण्याची चटणी कोणी, दही कोणी, सगळं वाटून दिलेलं. आदल्या रविवारी मात्र त्यांना मुलाकडे जावं लागलं, म्हणून पिंजऱ्यावर नजर टाकायचं काम माझ्याकडे आलं. सूचना एकच. "मंडळी सापडली तर तू काही करू नकोस. डेलरावांना सांग. ते बघतील."

सकाळी गेलो तर पिंजऱ्यात एक मादी आणि अकरा पिल्लं. पिल्लांच्या अंगावर खारीसारखे पट्टे. मादी माझ्याकडे तोंड करून उभी, पिल्लं तिच्यामागे दाटून. ऊन चढलेलं. बायकोला तेव्हा सातवा महिना होता. हे मी कारण म्हणून सांगत नाही, होता एवढंच सांगतो.

मला वाटलं, निदान पाणी तरी द्यावं. बादली भरून आणली, दोर ओढून दार उचललं. बादली आत सरकवायच्या आधीच बाराही जण माझ्या पायांजवळून निघून गेले.

मी दार तसंच उघडं टाकून घरी आलो. डेलकडे गेलो नाही.

दोन दिवसांत शाळू संपला. ती एकटी नव्हती, पुढच्या खेपेला सगळं खानदान घेऊन आली. काकांनी साठ घरी फोन करून हुरडा कॅन्सल केला. मग उघडं दार बघितलं, आत मका साफ आणि जमीन उकरलेली. दोर खुंटीला गुंडाळलेला होता. मीच गुंडाळला होता, सवयीने.

"डुकराला हात नसतात," काका मला म्हणाले. "हे माणसाचं काम. आणि तुझ्यामाझ्याशिवाय किल्ली एकाच माणसाकडे आहे."

मी मान खाली घालून उभा राहिलो. त्यांना वाटलं, मला त्यांच्या शाळूचं वाईट वाटतंय.

ते टाय सरळ करून डेलच्या अंगणात गेले आणि म्हणाले, "यू हॅव रिलीज्ड देम." दुसऱ्या दिवशी काकांच्या फाटकाला किल्ली लटकत होती. पंधरा दिवसांत बातमी गावातल्या बियाण्यांच्या दुकानात पोचली, आणि बाकीच्या शेतकऱ्यांनीही डेलकडून किल्ल्या मागून घेतल्या. शेवटी सगळे शिकारी सारखेच, असं म्हणाले. हे मला काकांकडूनच कळलं. सांगताना ते खूश नव्हते.

मी पाच महिने गप्प राहिलो. गप्प राहणं मला जमायचंच, त्यासाठी वेगळा प्रयत्न करावा लागला नाही. मुलगी झाली, तिच्या बारशाला काका आले, तिच्यासाठी चांदीचे वाळे आणले. मी वाकून नमस्कार केला आणि त्यांच्या डोळ्यांत बघितलं नाही.

मार्चमध्ये काकूंचा फोन आला. काकू हॉस्पिटलमध्ये डॉक्टर, शनिवार-रविवार नेहमी ड्यूटीवर. "अरे सुधीर, तू एकदा बघून जा रे यांना. शेतावर जात नाहीत. शनिवारी सकाळी टाय लावतात आणि गॅरेजमध्ये बसतात. मला वाटतं, डुकरं परवडली."

गेलो. काका खुर्चीवर बसून गोफण विणत होते.

"काका, ते दार मी उघडलं."

"कुठलं दार?"

"पिंजऱ्याचं. डेलने नाही. पाणी द्यायला गेलो, आणि सुटली."

गोफण थांबली. मला वाटलं, आता ओरडतील. ओरडायला हवं होतं.

"किती होते?"

"बारा. पिल्लं धरून."

"पाच महिने बोलला नाहीस."

"नाही."

"गाढवा," काका म्हणाले. मग उठले, किल्ल्या शोधायला लागले, सापडेनात, खिशातच होत्या. "बस गाडीत. आधी बस!" मी बघितलं तर त्यांचा चेहरा चिडलेला नव्हताच. नापास झालो म्हणून धरून चाललेल्या माणसाला पास झाल्याचं कोणी सांगावं, तसा होता. तासाभराचं अंतर त्यांनी पाऊण तासात कापलं. त्या रस्त्यावर मला कित्येक महिन्यांनी पहिल्यांदा छातीभर श्वास घेता आला.

डेल कुत्र्यांचं पाणी बदलत होता. काकांनी मला पुढे ढकललं. मी सगळं सांगितलं. बादली, दार, दोर. डेलने ऐकून घेतलं आणि एकच विचारलं.

"किती उचललंस दार?"

"बादली जाईल एवढं."

"बादली एवढी." त्याने जमिनीपासून हातभर अंतर दाखवलं. "तेवढ्यातून पिल्लू जाईल. मादी जात नाही. किती उचललंस?"

मी हात कमरेशी नेला.

"आणि मग?"

"बाजूला झालो."

हे मी स्वतःशीसुद्धा तोवर कबूल केलेलं नव्हतं. पाच महिने माझ्या डोक्यात ती बादलीच होती.

डेलने कुत्र्यांच्या पाण्याचं भांडं खाली ठेवलं. मग म्हणाला, "प्रोफेसर, हा अपघात नाही."

"नाही," काका म्हणाले. "हा मूर्खपणा आहे."

"मग हा हे दुकानात येऊन सांगेल. आत्ताच्या आत्ता."

आम्ही तिघं डेलच्या ट्रकमध्ये दाटीवाटीने बसून गेलो. बियाण्यांच्या दुकानात टोप्या घातलेले सहा-सात शेतकरी कॉफी पीत होते. आयुष्यात मी कुठल्या मीटिंगमध्ये उभा राहून बोललो नव्हतो. तिथे बोललो. कमरेचा हातही दाखवला. शेवटी कोपऱ्यातल्या एका म्हाताऱ्याने विचारलं, "तू रानडुकराला पाणी द्यायला गेलास? बादलीतून?" आणि जे हसू फुटलं, ते कॉफी सांडेपर्यंत. एकाने डोळे पुसत खिशातून किल्ल्यांचा जुडगा काढला, त्यातली एक सोडवली आणि डेलसमोर ठेवली. "माझ्या मक्याची वाट लागली आहे. सोमवारी ये." बाकीचे खिसे चाचपायला लागले. मीही हसत होतो. हसता येतंय याचंच मला नवल वाटत होतं.

परत आल्यावर डेल ट्रकमधून उतरला. काका आतच बसून राहिले. मग काच खाली करून बोलायला लागले, आणि चक्क मराठीत.

"डेलराव, चुकलो हो मी. शनिवार-रविवार आमच्या घरात कोणी नसतं. पोरगं बोलत नाही, हा सुधीर तर मुळातच घुम्या. आठवडाभर मी काय काय साठवून ठेवायचो, शनिवारी तुम्हाला सांगायचं म्हणून. शाळू गेला त्याचं काय, दर वर्षी येतो. पण दुसऱ्या शनिवारी भाकरी सोडली आणि घास जाईना. तुम्ही असं करणार नाही हे मला त्या दिवशीच माहीत होतं. तरी बोललो. राग कुणावर तरी काढायचा होता आणि जवळचे तेवढे तुम्हीच होतात."

टोपी हातात घेऊन डेल सगळं ऐकत होता. मग माझ्याकडे वळला. "काय म्हणतोय?"

मी तोंड उघडलं, तेवढ्यात काकांनी माझा दंड धरला. "सगळं सांगू नकोस. चुकलं म्हणाला, एवढंच सांग."

"ते म्हणतात, त्यांचं चुकलं."

डेलने थोडा विचार केला. "एवढं बोलला, आणि अर्थ एवढाच?"

"हो."

"फार लांबलचक भाषा आहे तुमची," डेल म्हणाला आणि काकांच्या बाजूचं दार उघडून धरलं.