श्रावणभाऊंची चौकशी

नवा खेळाडू गावात आला की लोक त्याचा चेहरा बघतात, आमचे श्रावणभाऊ रामटेके त्याचे बूट बघतात. बघतात म्हणजे काढायला लावतात, हातात घेतात, उलटे करतात, तळ ठोकतात आणि शेवटी नाकाशी नेऊन वास घेतात. तोवर तो पाहुणा जीपच्या दाराला धरून एका पायावर उभा. नव्या चामड्याचा वास आला की भाऊ त्याच्याकडे न बघता माझ्याकडे वळतात आणि म्हणतात, "मास्तर, पानी मुरून राह्यलं."

माझ्याकडे, कारण चिखलबोडी फुटबॉल क्लबचा सेक्रेटरी मी. गेली अकरा वर्षं मी सेक्रेटरी आहे आणि गेली अकरा वर्षं भाऊंचा माझ्यावर संशय आहे.

चिखलबोडी म्हणजे सिंदेवाहीहून जीपनं तासाभराच्या आत. एक तलाव, तीन बाजूंनी जंगल, मधे धानाच्या बांध्या. धान घरी आलं की आमच्याकडे फुटबॉलची स्पर्धा भरते आणि कोळसाखाणीच्या गावांपासून थेट धानोऱ्यापर्यंतच्या टीमा येतात. एवढ्याशा गावात राज्य पातळीवर खेळलेले पाय धावून गेलेत, हे मी कुठल्याही पाहुण्याला चहा यायच्या आत सांगतो. सांगणारच. आमच्याकडे मिरवायला दुसरं आहे काय?

भाऊंची नोकरी भात संशोधन केंद्रात शेतमजूर म्हणून झाली. काम पाण्याचं. बांधीतलं पाणी कमी दिसलं की धुऱ्याला, म्हणजे बांधाला, कुठं भोक पडलंय ते शोधायचं आणि चिखलानं बुजवायचं. तीस वर्षं हेच केल्यामुळे त्यांना जगात सगळीकडे गळतीच दिसते. विशेषतः फुटबॉलात. चांगला खेळाडू एखाद्या क्लबात आपखुशीनं जातो, यावर त्यांचा काडीचाही विश्वास नाही. "गुड असल्याबिगर मुंगी येते का?" असं ते विचारतात, आणि मग गूळ शोधायला निघतात.

त्यांचा सगळ्यात जास्त संशय पळसटोल्यावर. पळसटोला म्हणजे आमचं पिढीजात प्रतिस्पर्धी गाव. एका वर्षी भाऊंनी शोध लावला की पळसटोलावाले पाहुण्या गोलकीपरला रोज रोहूचं डोकं खाऊ घालून फितवतात. म्हणून आपण तरी स्वच्छ राहावं, पाहुण्यांना रोहूचं डोकं वाढायला बंदी करावी, असा ठराव त्यांनी क्लबच्या सभेत मांडला. तलावात मासेमारी करणारी ढिवर मंडळी सभेत निम्म्याहून जास्त होती. ठराव पडला. पण त्याच वर्षी पळसटोल्याचा सेंटर फॉरवर्ड तिथलाच जावई झाला आणि भाऊ आठवडाभर "सांगतलं होतं का नाई?" करत गावभर फिरले.

बरं, नुसता संशय घेऊन स्वस्थ बसतील तर ते भाऊ कसले! दर रविवारी सकाळी ते तलावाच्या पाळीवर जाऊन बसतात. तिथं फोनची रेंज येते. मग एकेका खेळाडूला फोन. आमच्या, पळसटोल्याच्या, खाणीच्या गावांतल्या, सगळ्यांना. याला ते चौकशी म्हणतात. मी एकदा शेजारी बसून ऐकली.

"कोन, पिंट्या? जेवला का? काय जेवला? मंग भाजी कोनं केली? माय कशी हाय? तिले डोळ्याच्या डॉक्टरकडं नेलं का नाई? काऊन नाई नेलं बे? या बुधवारी नेजो. घुटना दुखते का अजून? तेल लाव. बरं, पळसटोलावाल्यानं तुले काय देल्लं?"

पलीकडून पिंट्या काहीच दिलं नाही म्हणाला असावा. भाऊंनी फोन ठेवला.

"भाऊ," मी म्हटलं, "एवढं आईचं, डोळ्यांचं कशाला विचारता?"

"सरळ विचारलं त सांगते का कोनी? आधी आजूबाजूचं विचारा लागते, मास्तर. धुऱ्याचं भोक कधी समोरून दिसत नाई."

या चौकशीपायी भाऊ रविवारी गाव सोडत नसत. क्लब बाहेरगावी खेळायला गेला तरी ते यायचे नाहीत. आग्रह केला तर म्हणायचे, "इथी कोनी आलं त?" कोण येणार, ते त्यांनी कधी सांगितलं नाही. बायको जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगी धानोऱ्याला दिलेली. घरी यायला कोणी नव्हतं.

आमच्याकडे पाहुण्या खेळाडूंना शाळेच्या खोलीत झोपवत नाहीत. एकेका घराला एकेक खेळाडू वाटून देतात. त्याचं जेवण, आंघोळीचं ऊन पाणी, दुखलं-खुपलं सगळं त्या घराचं. वाटप सुरू झालं की भाऊ ज्याच्यावर संशय जास्त त्याला मागून घेतात. "हा माह्या घरी. याच्यावर नजर ठेवा लागते." मग आठवडाभर त्या संशयिताला भाऊ स्वतः रांधून वाढतात, आणि तो झोपला की त्याचे बूट उन्हात ठेवतात. बूट वाळतातही आणि तपासूनही होतात.

या वर्षी आमच्याकडून व्यंकी खेळला. मूळचे तेलुगू, वडील कोळसाखाणीत होते, आता तोही तिथंच कामाला, जन्म खाणीच्या वसाहतीत. राज्याच्या टीममध्ये खेळलेला. दोन वर्षांपूर्वी तो दुसऱ्या टीमकडून इथं आला होता तेव्हा त्याचा घोटा मुरगळला होता आणि भाऊंच्याच घरी तो चार दिवस पडून होता. या वेळी त्यानं आपणहून फोन करून विचारलं, "मास्तर, तुमच्याकडून खेळू का?" मी आधी फोन कानापासून लांब धरून नंबर पाहिला. चेष्टा नव्हती. व्यंकीनं चार मॅचमध्ये सहा गोल केले आणि आम्ही फायनलला गेलो. समोर पळसटोला.

झालं. पळसटोल्यानं पंचांकडे तक्रार केली. आमच्या स्पर्धेत पाहुणा खेळाडू चालतो, पण आमिष दाखवून आणलेला चालत नाही. एवढा मोठा खेळाडू एवढ्याशा गावाकडून फुकट कसा खेळेल, असं त्यांचं म्हणणं. सिद्ध झालं असतं तर व्यंकी बाहेर आणि आमच्या क्लबच्या नावाला कायमचा बट्टा.

फायनलच्या दिवशी सकाळी ग्रामपंचायतीच्या आवारात दोन्ही गावं जमली. पंचांनी विचारलं, कोणाला काही बोलायचंय का? आणि आमच्या बाजूनं श्रावणभाऊ उठले. मला वाटलं, चला, आपला माणूस आपली बाजू मांडतोय.

"पळसटोलावाले खरं बोलून राह्यले," भाऊ म्हणाले. "याच्यात पानी मुरून राह्यलं. मास्तरनं याले काहीतरी देल्लं हाय. आपला क्लब असला म्हून काय झालं? चोरी ते चोरी."

पळसटोल्याच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. अकरा वर्षांत मला क्लब सोडून पळून जावंसं वाटलं ते त्याच क्षणी. पण खरं सांगतो, त्याच क्षणी या माणसाचा मला अभिमानही वाटला. फायनल हातची जात असताना स्वतःच्या गावाविरुद्ध उभा राहणारा चाहता पळसटोल्यानं एक तरी दाखवावा.

पंचांनी व्यंकीला विचारलं, "तुला कोणी आणलं?"

"ह्या भाऊंनी," व्यंकी म्हणाला.

"म्या?" भाऊ खाली बसता बसता परत उठले.

"भाऊच ना. दो साल से हर इतवार फोन येतो यांचा. जेवला का विचारतात. पाय कसा हाय विचारतात. बाप गेले माझे, तेव्हा रोज केला यांनी. मोठ्या क्लबात खेळलो साहेब, गोल किती मारले एवढंच विचारतात तिथं." मग तो पळसटोल्याच्या लोकांकडे वळला. "पळसटोलावाले नवे बूट देतो म्हणाले होते. मी नाही घेतले. म्हटलं, भाऊ वास घेतील."

त्यानं पायातला बूट काढून पंचांच्या टेबलावर ठेवला. तळ दोनदा शिवलेला. आता पळसटोल्याचे लोक खाली बघायला लागले. त्यांच्यातला पिंट्या तेवढा हळूच म्हणाला, "मलेही येते जी भाऊचा फोन. मायचं ऑपरेशन झालं त्याच्यानंच." मग दोन्हीकडून आणखी चार-पाच हात वर झाले.

पंचांनी हसत निकाल दिला, व्यंकी खेळेल. मी भाऊंकडे पाहिलं तर ते जागेवर नव्हते.

ते तलावाच्या पाळीवर सापडले. मी शेजारी बसलो.

"मास्तर, मीबी खेळत होतो. लेफ्ट बॅक."

हे मला माहीत नव्हतं. गावात आता कोणालाच माहीत नसेल.

"खानीच्या क्लबचा एक साहेब आला होता. माहा खेळ पाह्यला. म्हने, येत्या रविवारी येतो, तुले घेऊन जातो, तयार राह्य. म्या पिशवी भरली. आला नाई. मंग पुढच्या रविवारी येईल म्हटलं. ज्याले नेते, त्याच्यात असं काय रायते, एवढंच पाहून राह्यलो होतो मी. बूट पाह्यले, घुटने पाह्यले. काही सापडलं नाई."

मी त्यांचा हात धरून त्यांना मैदानावर घेऊन आलो. तनसीच्या, म्हणजे धानाच्या पेंढ्याच्या, ढिगावर बसून त्यांनी अख्खी मॅच पाहिली. आम्ही दोन-एकनं जिंकलो. पळसटोल्याचा एक गोल पिंट्यानं मारला आणि त्यालाही सगळ्यात आधी टाळी भाऊंनीच वाजवली.

पुढच्या महिन्यात खाणीच्या गावच्या स्पर्धेचं आम्हाला बोलावणं आलं. मॅच रविवारी. सकाळी जीप निघायच्या बेतात असताना व्यंकी मोटारसायकलवरून आला. रात्रपाळी संपवून, न झोपता, आमच्या सगळ्यांच्या आधी भाऊंच्या दारात.

"भाऊ, चला. तुमाले न्यायले आलो."

भाऊंनी त्याला खालून वर पाहिलं. मग खाली वाकून त्याचे बूट पाहिले. तेच होते, शिवलेले.

"कोनं पाठवलं तुले? मास्तरनं?"

"कोनी नाही. रविवार हाय ना आज."

भाऊ आत गेले आणि लगेच बाहेर आले. हातात एक जुनी कापडी पिशवी होती, बंद फिके पडलेले. व्यंकीनं मोटारसायकल त्यांच्या अंगणात लावली आणि त्यांना हाताला धरून जीपमध्ये पुढच्या सीटवर बसवलं. पिशवी मांडीवर घेऊन ते ताठ बसले. जागा अपुरी होती, म्हणून मी म्हटलं, "भाऊ, पिशवी मागं ठेवू का?"

"राहू दे, मास्तर," भाऊ म्हणाले. "लय दिसाची भरून हाय."