देवरामचा पाय आणि खेकड्याचे उपकार

सत्त्याण्णव सालच्या भातकापणीला टोकावड्याच्या देवरामने बांधावर उभं राहून जाहीर केलं, "एकदा उकिडवा बसलो, का शेत संपल्याबिगर उठणार नाय!"

आणि गडी खरंच उठला नाही! भाकरीसुद्धा तसाच बसून खाल्ली. त्याची बायको अनिता म्हणाली, "अवो, जरा पाय मोकळे करा!"

"पाय काय कोंबड्या हायेत मोकळ्या सोडाया?"

दुसऱ्या संध्याकाळी ते एक शेत संपवून, ओहोळात पाय धुऊन स्वारी ऐटीत घराकडे निघाली. डावी चप्पल चार पावलांवर गळून पडत होती, पण मान ताठ! लोक हसायला लागले. देवरामला वाटलं, कौतुक चाललंय. त्याने हसून सगळ्यांना रामराम केला. शेवटी शेजारच्या काळूला राहवेना. "देवराम, पायाला काय लटकलंय रे?"

वाटीएवढा खेकडा! पावलातून रक्त येत होतं आणि याला पत्ताच नाही. खेकडा ओढून काढला, तरी कळ नाही. पाऊल वर उचलायला गेला, तर तेही उचलेना! देवरामचं तोंड उतरलं. आता नांगर कसा धरायचा?

उपकेंद्रातल्या नर्सताई, संघरत्ना, त्याला आणि अनिताला स्वतः मुरबाडच्या डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. येताना यष्टीत त्यांनी नवराबायकोला नीट समजावलं.

"मेंदूपासून पाठीच्या कण्यातून मज्जारज्जू खाली येतो. तिथून अंगभर नसा. पायाची खबर नसांतून वर जाते, मेंदूचा हुकूम खाली येतो. एक नस गुडघ्याच्या बाहेरून, अगदी कातडीखालून जाते. तीच दोन दिवस दाबून धरलीत तुमी!"

"म्हंजे डोकं ठीक हाय ना माझं?"

"मी नसेचं सांगते, देवरामदादा. डोक्याचं मला इचारू नका! आता उकिडवं बसणं बंद. नस सावरंल."

सगळं मेंदूपासून निघतं हे ऐकून अनिताने रोज त्याच्या टाळूवर खोबरेल चोपडलं. पाऊल तसंच, केस मात्र झकास! देवराम बांधावर प्लास्टिकच्या खुर्चीत बसून राहिला आणि अनिताने एकटीने बाकीच्या शेतांतलं सगळं भात कापलं. नर्सताई दर मंगळवारी येऊन पावलावर कापूस फिरवत. "कळतंय?" "नाय." तो नाय म्हणताना त्याचे डोळे भरून येत.

पौषात, म्हशाच्या जत्रेच्या आठवड्यात तो ओहोळात उतरला आणि ओरडला, "आई गंऽऽ, मेलो!"

तो तसाच उपकेंद्रात पळाला, पायाला खेकडा! "ताई, दुखतंय! लय दुखतंय! तुमचे उपकार कसे फेडू?"

"आधी तो खेकडा काढा!"

खेकड्याला त्याने ओहोळात सोडलं आणि हात जोडले. मागे अनिता उभी होती. "त्याला जोडता, मंग इकडंबी जोडा. बाकीचं अख्खं भात कापलंय मी!"

खरंच होतं ते. देवरामला भरून आलं. तिच्या पायांशी हात जोडायला तो खाली बसला. कसा? उकिडवा!

"उठा!" अनिता किंचाळली. "आधी उठा!"