हात लाव, मग बोल

घरत बाईंनी ‘बोकड’ हा शब्द शिकवण्यासाठी वर्गात बोकड आणला, त्या दिवशी माझा ‘फळे’ हा तक्ता संपला. संपला म्हणजे खाल्ला गेला. बोकडाने चिकूपासून सुरुवात केली, द्राक्षांपाशी जरा दम घेतला आणि शेवटी माझ्याकडे असं बघितलं, जणू ‘भाज्या’ कुठे टांगल्यात ते मी सांगणार होते.

अंबरनाथला मोरिवलीच्या बाजूला, कारखान्यांच्या मागे आमची बालवाडी होती. दोन वर्ग आणि मध्ये प्लायवूडचं पार्टिशन, बोकडाला न अडवणारं. अलीकडे मी, पलीकडे घरत बाई. मी अगदी नवी. कडक इस्त्रीची साडी, हातात चित्रं दाखवायची छडी आणि तोरा असा, की सर्टिफिकेट गळ्यात अडकवायचं तेवढं बाकी होतं. तक्ते मी स्वतः रंगवलेले. चौकोनात चित्र, खाली शब्द. मुलं सुरात ओरडायची, मी छडी पुढच्या चौकोनावर न्यायची. भाषा अशीच शिकतात, ओळीत, अशी माझी ठाम समजूत.

घरत बाई गावातल्याच. पन्नाशीच्या, आवाज कारखान्याच्या भोंग्याला मागे टाकणारा. त्यांचा नियम एकच: “हात लाव, मग बोल.” ‘खरखरीत’ शिकवायला त्यांनी फणस आणला. ‘बुळबुळीत’ला ओले बोंबील आणले, वर्ग दोन दिवस शिकत राहिला, नाकाने. ‘जड’ शिकवायची वेळ आली तेव्हा पार्टिशनवर थाप पडली.

“कुलकर्णी बाय, जरा इकडं ये गो.”

मी गेले. “पोरांनो, हिला उचला,” बाई म्हणाल्या.

पोरांनी जोर लावला, मी तसूभर हलले नाही. “हे जड,” बाई म्हणाल्या. मी आठवडाभर त्यांच्याशी अबोला धरला. मुलं मात्र मला फाटकात पाहिलं की आनंदाने ओरडायची, “जड आल्या, जड आल्या!”

बोकडाची बातमी संस्थेच्या चिटणीसांपर्यंत गेली. निरोप आला, साहेब स्वतः वर्ग बघायला येणार. शिकवणं पटलं नाही तर घरत बाईंचा वर्ग माझ्याकडे आणि बाई फीच्या खिडकीवर. मी मनातल्या मनात पार्टिशन काढूनही टाकलं.

साहेब आधी माझ्याकडे आले. “हत्ती!” मुलं एका सुरात. “मुंगी!” पुन्हा एका सुरात. साहेब खूश.

“शाब्बास! केवढा असतो गं हत्ती?” त्यांनी पुढच्या मुलीला विचारलं.

तिने तक्त्याकडे नीट पाहिलं आणि दोन बोटांत अंतर धरून दाखवलं.

“आणि मुंगी?”

“तेवढीच.”

माझ्या तक्त्यावर सगळ्यांना सारखाच चौकोन होता. आज माझी नात मोबाईलवर हत्ती बघते, तोही बोटभरच. तेव्हा मी काही फार मागासलेली नव्हते म्हणायची.

साहेब तोंड कडू करून पलीकडे गेले, मी मागोमाग. तिथे कोणी शहाळं मिठीत धरून ‘गार, गार’ करत होतं, कोणी कोंबडीच्या पिसाने शेजारणीला ‘मऊ’ शिकवत होतं. एक मुलगी साहेबांच्या हाताला हात लावून म्हणाली, “टीचर, ये तो सच्चावाला साहेब है!”

साहेब हसले नाहीत. “वस्तू आणता येतात तोवर ठीक आहे, बाई. जी वस्तूच नाही तिचं काय? ‘एकटं’ शिकवून दाखवा. नाही जमलं तर जूनपासून खिडकी.”

घरत बाईंनी वर्गभर नजर फिरवली. मग त्या म्हणाल्या, “चला, सगली बाहेर. साहेब, तुमी पन. कुलकर्णी बाय, तू पन.”

दार लोटलं. आम्ही खिडकीच्या गजांना नाकं लावली. रिकाम्या वर्गाच्या मधोमध बाई उभ्या होत्या. हात लोंबते. काही करत नव्हत्या, कोणाकडे बघत नव्हत्या. आतला पंखा ऐकू यायला लागला. मुलं एकेक करून गप्प झाली.

“बाय एकटी हाय,” कोणीतरी हळूच म्हणालं.

“टीचर को अकेला नहीं छोड़ने का!” दुसरी ओरडली आणि सगळा वर्ग दारावर कोसळला. त्या लोंढ्यात साहेबांचा चष्मा गेला, माझ्या साडीची इस्त्री गेली. आत बाई दिसेनाशा झाल्या. दिसत होती नुसती मुलं, कमरेला, पाठीला, गळ्याला. “बाय, आता नाय एकटी! आता नाय!”

साहेब खाली पडलेला चष्मा उचलून पुसत म्हणाले, “राहू द्या. यांना इथेच राहू द्या.” सगळ्यांत जोरात टाळ्या मी वाजवल्या. माझा मिळायचा वर्ग गेला होता, तरीही.

शाळा सुटल्यावर फाटकात घरत बाईंना गाठलं. “काय अभिनय केलात हो! ऐन वेळी सुचलं कसं?”

“सुचतंय कसलं?” बाई पदर खोचत म्हणाल्या. “सांजच्याला कुलूप काढून घरात शिरली का रोज तशीच उभी ऱ्हाते. दिवा लावायच्या आधी.”

मी त्यांच्या हाताला हात लावला. म्हटलं, “चला, आज माझ्याकडे जेवायला.”

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. “भाजीत गूल नाय ना घालनार?”

“नाही घालणार.”

“मंग चल,” म्हणाल्या, आणि माझं घर कुठे आहे हे ठाऊक नसतानाही माझ्या पुढे चालायला लागल्या.