टेबलाखालचा पंप

सूनबाईच्या कॉम्प्युटरमध्ये पाण्याचा पंप आहे, हे पंपसाहेबांना रविवारी सकाळी चहा पिताना कळलं आणि त्यांचा कप हातातच राहिला. मुलगा सहज बोलून गेला होता. कॉम्प्युटर तापू नये म्हणून त्यात लिक्विड कूलर असतो, एक छोटासा पंप नळ्यांतून पाणी फिरवत राहतो, एवढं सांगून तो पुन्हा पेपरात शिरला. पंपसाहेबांनी चौतीस वर्षं पाणीपुरवठ्याच्या पंपघरात काढली होती. निवृत्त होऊन आठ वर्षं झाली, पण घरातल्या कोणी त्यांना पंपाबद्दल अवाक्षर विचारलं नव्हतं. आणि इथे चार पावलांवर, टेबलाखाली, एक पंप बिनबोभाट चालू होता.

"किती वर्षं झाली बसवून?" त्यांनी विचारलं.

"सहा," सूनबाई म्हणाली. ती आर्किटेक्ट होती आणि घरूनच काम करायची.

"सर्व्हिसिंग?"

"त्याचं सर्व्हिसिंग नसतं, बाबा. सीलबंद असतं ते. पाच ते सात वर्षं चालतं, मग बदलून टाकायचं."

"म्हणजे चालतोय तोवर ढुंकून बघायचं नाही, आणि गेला की हळहळायचं."

सूनबाई हसली आणि विषय तिथेच संपला असं तिला वाटलं. पंपसाहेबांनी मात्र दुपारीच एक जाड वही आणून तिच्यात रेघा मारल्या. तारीख, वेळ, आवाज, केलेलं काम, सही. सवयीने त्यांनी शेवटी 'वरिष्ठांचा शेरा' असाही रकाना आखला. मग आपल्याला आता वरिष्ठ कोणी नाहीत हे आठवून ते थोडे खट्टू झाले.

सोमवारपासून दर दोन तासांनी ते गुडघे धरत टेबलाखाली जाऊ लागले. स्क्रूड्रायव्हरचं टोक कॉम्प्युटरच्या डब्याला टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटून ऐकायचं. पंपघरात बेअरिंगची तब्येत ते अशीच तपासत. मंगळवारी सूनबाईची व्हिडिओ मीटिंग चालू असताना पडद्याच्या कोपऱ्यात कानात स्क्रूड्रायव्हर घातलेले एक गृहस्थ उगवले. हे कोण, असं समोरच्यांनी विचारल्यावर ती शांतपणे म्हणाली, "आमचे मेंटेनन्स इंजिनिअर." टेबलाखाली पंपसाहेबांची छाती दोन इंच फुगली आणि डोकं फळीवर आपटलं.

आवाज काही त्यांना पसंत नव्हता. आत बुडबुड ऐकू येत होती. पंपाने हवा धरलीय, हे त्यांनी सूनबाईला चार वेळा सांगितलं. तिने चारही वेळा मान डोलावली, कारण तिचं सगळं लक्ष शुक्रवारकडे लागलं होतं. एका मोठ्या वाचनालयाच्या इमारतीच्या आराखड्यांची स्पर्धा होती आणि शुक्रवारी दुपारी चारच्या आत नकाशे पाठवायचे होते. पाच महिने ती या एका इमारतीसाठी राबली होती.

शुक्रवारी सव्वादोनला शेवटची चित्रं तयार करायला घेतली आणि कॉम्प्युटर तापून बंद पडला. पुन्हा सुरू केला, दहा मिनिटांत पुन्हा बंद. काम चाळीस मिनिटांचं होतं. सूनबाईने नवऱ्याला फोन लावला, तर तो म्हणाला की दुकानात नवा कूलर उद्या येईल. तिने फोन ठेवला. तिचे डोळे भरून आले होते. मग ती आपण होऊन सासऱ्यांच्या खोलीच्या दारात जाऊन उभी राहिली.

"बाबा, पंपाचं काय करायचं?"

हा प्रश्न ऐकायला पंपसाहेबांनी आठ वर्षं वाट बघितली होती. त्यांनी आधी सगळ्या वायरी काढायला लावल्या. पंपघरात अशी हवा काढायला वॉल्व्ह असतो, इथे तो नव्हता. पण हवा वर चढते हा नियम डब्यालाही लागू होणार, असा त्यांनी हिशेब केला. पाणी थंड करणारा रेडिएटर आत वरच्या अंगाला होता. पंपात अडकलेली हवा तिथे गेली की काम झालं. दोघांनी मिळून तो जड डबा उचलला, हळूहळू डावीकडे कलवला, मग उजवीकडे. आतून एक लांबलचक बुडबुड निघाली आणि थांबली. डबा सरळ ठेवून त्यांनी स्क्रूड्रायव्हर कानाला लावला.

"कर सुरू," ते म्हणाले.

तीन वाजून बावन्न मिनिटांनी नकाशे गेले.

त्यानंतर सूनबाईने चहा केला आणि नवऱ्याला फोन करून सगळं सांगितलं. बाबा नसते तर पाच महिने पाण्यात गेले असते, हे वाक्य तिने दोनदा म्हटलं आणि पंपसाहेबांनी ते दोन्ही वेळा ऐकलं. प्रसन्न मनाने ते नोंद करायला बसले. बिघाडाचं कारण लिहायचं, तर बुडबुड कधी सुरू झाली ते बघायला हवं, म्हणून त्यांनी पानं मागे उलटली.

पहिल्याच पानावर त्यांच्याच वळणदार अक्षरात लिहिलं होतं: 'सोमवार, सकाळी १०.१५. तळाच्या जाळीत सहा वर्षांची धूळ. साफ करण्यासाठी डबा चालू स्थितीत दहा मिनिटं उलटा केला.' त्याखाली: '१०.३०. बुडबुड प्रथम ऐकू आली.'

पंपसाहेबांनी चहाचा कप खाली ठेवला. वर जमलेली हवा त्यांनीच पंपात उतरवली होती. पान फाडलं असतं तर कोणाला पत्ता लागला नसता, आणि पान फाडायचा मोह त्यांना झालाही. पण चौतीस वर्षांत त्यांनी नोंद कधी खोडली नव्हती. मान खाली घालून त्यांनी वही सूनबाईपुढे सरकवली.

तिने ते पान वाचलं. मग परत वाचलं. सासऱ्यांकडे बघून तिने ओठ घट्ट मिटले, पण हसू काही आवरेना.

"बाबा, हा अजून किती चालेल?"

"एखादं वर्ष सहज," ते पुटपुटले. "कोणी हात लावला नाही तर."

तिने पेन घेतलं आणि शेवटच्या रिकाम्या रकान्यात लिहिलं: 'जाळी साफ केली, हे योग्य. डबा उलटा करण्यास सक्त मनाई. पुन्हा घडल्यास खुलासा मागवला जाईल.' खाली झोकात सही केली.

पंपसाहेबांनी वही जवळ ओढून चष्मा पुसला आणि ते तीन-तीनदा वाचत राहिले. आठ वर्षांनी त्यांच्या कामावर वरिष्ठांचा शेरा पडला होता.