लाल गाडीचं गिऱ्हाईक

गाडी विकायला प्रफुल रामटेके तयार झाला, पण घरात मयत झाल्यासारखं तोंड करून. पोंभुर्ण्याच्या तहसील कार्यालयात तो लिपिक होता, आणि त्याच्या आयुष्यात वेगवान अशी एकच वस्तू होती: टर्बो इंजिनाची छोटी लाल गाडी. नागपूरहून जुनी आणलेली. कंपनीने असल्या गाड्या काढणं केव्हाच बंद केलं होतं. साध्या माणसाच्या खिशाला झेपेल अशी पळणारी गाडी नवी मिळत नव्हती, आणि जुनी पोसवत नव्हती. तिला भारीतलं पेट्रोल लागे. ते चंद्रपूरला मिळे, आणि घरी येईपर्यंत त्यातलं बरंचसं वाटेतच जळे. सर्व्हिसिंगला नागपूर. साधा आरसा फुटला तर महिनाभर वाट बघायची.

म्हणून प्रफुल ती फक्त रविवारी काढी आणि चाळीसच्या वर नेत नसे. धानाची पोती लादलेले ट्रॅक्टर हॉर्न देऊन पुढे निघून जात. एकदा तर एका म्हाताऱ्याने सायकल थांबवून विचारलं होतं, "बिघडली का भाऊ? धक्का मारू का?"

शेवटी बायकोनेच, सरिताने, मोबाईलवर जाहिरात टाकली. ती उपकेंद्रात नर्स होती, पाच गावं स्कूटीवर फिरायची. लाल गाडीच्या स्टिअरिंगला तिला हात लावायची परवानगी नव्हती. "तिचा क्लच नाजूक आहे," असं प्रफुल सांगे.

जाहिरात बघून मूल गावाहून भैयाजी चौधरी आले. तांदळाची गिरणी, पांढरे कपडे, बोलणं सावकाश. जावयाला गाडी द्यायची होती.

"एक चक्कर मारून आणा भैयाजीले," सरिता नवऱ्याला म्हणाली. "अन् तुमी काही बोलू नोका. मी मांगं बसतो."

प्रफुल एक शब्द बोलला नाही. गाव संपलं, सागाचं जंगल लागलं, रस्ता मोकळा झाला. गिऱ्हाईक घाबरलं तर गाडी वाचेल, एवढा एकच विचार त्याच्या मनात आला आणि त्याने पाय दाबला.

गाडी उडालीच. भैयाजींची टोपी मागच्या सीटवर सरिताच्या मांडीत जाऊन पडली. भैयाजींनी दारावरची मूठ धरली. ते काही तरी पुटपुटत होते, ते देवाचं नाव होतं की शिवी हे कळलं नाही. मागून सरिताही काही बोलेना. आता घरी गेल्यावर आपलं काही खरं नाही, हे प्रफुलने ओळखलं. पण वळणावरच गाडीने दोन आचके दिले आणि ती रस्त्याच्या मधोमध उभी राहिली.

"पेट्रोल संपलं," प्रफुल म्हणाला.

"तुमच्या चालीनं पुरलं असतं," सरिता म्हणाली. विकायच्या गाडीत पेट्रोल कशाला सोडायचं, म्हणून आठवडाभर तिनेच त्याला भरू दिलं नव्हतं.

वाघापासून सावध करणारा फलक समोरच होता. भैयाजींनी तो दोनदा वाचला. "भाऊ, इथी उभं राहनं बराबर नाई."

वळणावरून गाडी बाजूला घेणं भाग होतं. सरिता स्टिअरिंगवर बसली, दोघांनी मागून रेटा दिला. गाडी कडेला लागली आणि प्रफुलच्या कमरेत उसण भरली. तो वाकला तो वाकलाच.

मोटारसायकलवरून जाणाऱ्या सुकलूला सरिताने थांबवलं. त्याच्या मुलांच्या लसी तिनेच टोचलेल्या. त्याने पाण्याच्या बाटलीत आपल्या टाकीतलं पेट्रोल काढून दिलं.

"हे साधं आहे," प्रफुल वाकूनच म्हणाला. "तिले सोसत नाई."

"मंग तुमी बसा इथंच तिच्यासंग."

प्रफुलला मागच्या सीटवर आडवं घातलं. आता चालवणार कोण, हा प्रश्न उरला नव्हता. सरिताने सीट पुढे ओढली आणि गाडी वळवली. पहिले दोन गिअर तिने जपून टाकले. तिसरा टाकला तेव्हा झाडं एकमेकांना चिकटल्यासारखी दिसू लागली. पुढे चाललेली बस बघता बघता मागे पडली. प्रफुलला फक्त छत दिसत होतं आणि सरिताचं हसणं ऐकू येत होतं. लग्नाला नऊ वर्षं झाली होती. हे हसणं त्याने पूर्वी ऐकलं नव्हतं.

घरासमोर उतरून भैयाजींनी टोपी नीट घातली. "घेतली," ते म्हणाले. "जावयाले दुसरी पाहू. ही मले पायजे."

प्रफुलने कण्हत मान हलवली. कमरेने त्याचा सगळा विरोध काढून घेतला होता. "घेऊन जा भैयाजी. लय महाग पडते."

"नाई विकाची," सरिता म्हणाली.

"अवो, पन जाहिरात तूच..."

"मीच टाकली, मीच काढतो. पेट्रोल माझ्या पगारातून."

भैयाजी चहा पिऊन, तीनदा मागे वळून बघत गेले.

शनिवारी प्रफुल कमरेला पट्टा बांधून पडला होता. सरिता चावी बोटावर फिरवत आली. "अजी, उद्या हेमलकशाले जाऊ. तुमची मावसबहीण कवाची बोलावून राह्यली."

"हेमलकसा लय दूर आहे."

"म्हनूनच तं," सरिता म्हणाली.

प्रफुलने कमरेचा पट्टा चाचपला. मग त्याने हळूच विचारलं, "मी बसनं आलो तं चालन का?"