बालदालन राखिले त्या भाषणाची हकिकत

सकळ वाचकमंडळींचे सेवेशी हकिकतनवीस दंडवत घालोन विदित करितो की, ग्रंथालयाचे बालदालन एका भाषणे कैसे राखिले ते घडले तैसे लिहितो. तिखटमीठ लाविले असेल ते चवीपुरते.

शहराचे ग्रंथालयी तळमजल्यास बालदालन होते. तेथे पोरे पालथी पडोन वाचीत आणि कोणी वाचता वाचता निजत. त्या मुलखावर समितीचे अध्यक्षसाहेबांची नजर गेली आणि पोरे काढोन तेथे मोडक्या खुर्च्या ठेवाव्या ऐसा बेत ठरला. ग्रंथपालबाईंनी फार रदबदली केली, तेव्हां हुकूम आला की, सभेत येऊन थोडक्यात बोलावे, मग निकाल होईल. बाई कामात वाघीण, परंतु चार माणसांपुढे उभे राहणे म्हणजे पानिपत, आणि एकदां सुरू जाहल्या की थांबणे ठाऊक नाही.

मग घरी मसलत बसली. बाईंचे यजमान पेशाने हिशेबतपासनीस. त्यांणी लॅपटॉप काढोन स्लाइडांची अफाट फौज उभी केली. अक्षरे डावीकडोन घुसत, उजवीकडोन गरगरत येत. घरचे सरसेनापतिपद सासूबाईंकडे होते. त्यांणी चष्मा पुसोन पाहिले आणि फर्मान सुटले, "मला चक्कर येतेय रे! लोकांनी हे वाचायचं की हिचं ऐकायचं? काढ सगळं." मग दरोबस्त कत्तल होऊन एकच चित्र राहिले, पालथी पडोन वाचणारी पोरे.

पुढे तालीम मुदपाकखान्यात सुरू जाहली. घड्याळाकडे पाहता बाईंचे बोलणे अडखळे, सबब कुकरच्या शिट्टीवर भाषण बांधिले. पहिल्या शिट्टीस प्रस्तावना आटपावी, दुसरीस मुद्दे संपवावे, तिसरीस विनंती करोन बसावे. बाई ग्रंथालयाचे स्थापनेतच रुतोन बसत, तेव्हां सासूबाई कांदा चिरता चिरता गर्जत, "अगं, शिट्टी झाली! श्वास घे आणि पोरांवर ये!" ऐसे करिता भाषण मुरले. यजमानांचे ताटी रोज उकडलेले बटाटेच पडले.

एके दिवशी ऐन तालमीत गॅस संपला. यजमान म्हणाले, "आई, आता तूच वाजव शिट्टी." सासूबाईंनी मान खाली घालोन सांगितले की, दोन बोटे तोंडात घालोन शीळ घालणे लहानपणी येत होते, परंतु मुलीने शीळ घालू नये ऐसी वडिलांची सक्त ताकीद जाहली, तेव्हांपासोन घातली नाही. मग कोणी आग्रह केला नाही.

सभेचा दिवस उगवला. लांब मेज, पाण्याच्या बाटल्या, खुर्चीवर खासे अध्यक्षसाहेब. बाई उभ्या राहिल्या, चित्र झळकले आणि स्थापनेपासोन भाषण सुरू जाहले. एवढी मातबर मसलत, परंतु सभागृही कुकर नसतो हे कोणाचेच ध्यानी आले नव्हते! बाई शिट्टीची वाट पाहात स्थापनेतून छपराकडे गेल्या, छपरावरोन खिडक्यांकडे वळल्या आणि शिट्टी काही होईना. अध्यक्षांनी जांभई गिळोन निकाल लिहावया पेन उचलिले. मागील रांगेत बसलेल्या यजमानांनी कपाळास हात लाविला.

इतकियात मागील रांगेतोन ऐसी कडाक्याची शीळ आली की सारी सभा दचकली आणि अध्यक्षांचे हातचे पेन मेजाखाली गेले. सासूबाईंची दोन बोटे तोंडातच होती.

बाईंनी श्वास घेतला आणि पोरांवर आल्या. घरी पाय पसरावयास जागा नाही ऐसी पोरे येथे वाचावयास शिकली, ते साधेपणी सांगितले. दुसरी शीळ जाहली. बाई म्हणाल्या, "खुर्च्या कुठेही ठेवता येतील, साहेब. मुलांना कुठे ठेवू?" तिसरी शीळ येताच विनंती करोन खाली बसल्या.

अध्यक्षसाहेबांनी चित्राकडे पाहिले आणि मेजाखालोन पेन काढिले. मग हुकूम जाहला की, बालदालन कायम, खुर्च्या भंगारात जाव्या, आणि सभेत शीळ घालणाऱ्या आजीबाईंस सक्त ताकीद द्यावी.

ऐसी मोहीम फत्ते जाहली, सबब येथे नमूद केले. सासूबाईंनी ताकीद उभ्याने ऐकिली, पदर सावरिला आणि भर रस्त्याने शीळ घालीत घरी आल्या.