ओळख पटल्याशिवाय मसाला नाही

मुलुंडचा सुयोग छातीठोकपणे सांगायचा, की त्याला दुसऱ्यांदा फसवणारा अजून जन्माला यायचाय. पहिल्यांदा फसवणारा मात्र जन्मून, जेवून, ढेकर देऊन गेला होता. सुयोग आईच्या हातचा मालवणी मसाला ऑनलाइन विकायचा. त्या भामट्याने चोरलेल्या कार्डावर पोतंभर मसाला उचलला, कार्डाच्या खऱ्या मालकाने तक्रार केली आणि बँकेने पैसे परत ओढले. पेमेंट कंपनीने बजावलं, आणखी एक तक्रार आली की तुमचं दुकान बंद.

तेव्हापासून सुयोगचा नियम झाला: पैसे आले तरी फोनवर ओळख पटल्याशिवाय मसाला हलणार नाही.

पहिलीच गाठ पडली जोगेश्वरीच्या सुंदराबाईंशी. त्यांना नातीच्या लग्नासाठी पाच किलो हवा होता. ऑर्डरवर कार्डमालकाचं नाव दिसत होतं, माणिक.

"आजी, कार्ड कुणाचं?"

"आमच्या ह्यांचं."

"नाव सांगा ना."

"जन्मात घेतलं नाही, आता मसाल्यासाठी घेऊ?"

"मग त्यांना फोन द्या."

"त्यांना ऐकू येत नाही रे. थांब, शेजारच्या श्रुतिकाला हाक मारते, ती सांगेल."

सुयोगने बोक्यासारखे कान टवकारले. बाईला नाव माहीत नाही, मालक बहिरा, शेजारीण सामील. अख्खी टोळीच की! त्याने मसाला अडकवला, पैसेही अडकवले. छाती अशी फुगली, की शर्टाचं बटण उडून समोरच्या इमारतीत कुणाच्या तरी वरणात पडलं म्हणतात.

लग्न मसाल्याविना पार पडलं. सासरी जाता जाता नातीने आजोबांच्या वतीने बँकेत लेखी तक्रार ठोकली.

पेमेंट कंपनीतून फोन आला, "ग्राहकाने तक्रार मागे घेतली तरच वाचाल."

सुयोगने आईला, म्हणजे प्रेमाताईंना, सगळं सांगितलं. प्रेमाताईंनी मिरच्या भाजता भाजता विचारलं, "माझ्या तोंडून कधी ऐकलंस तुझ्या बाबांचं नाव?"

त्याने आठवून पाहिलं. मग दिवसभर त्याने आईकडे पाहिलं नाही.

पाच किलो मसाला घेऊन तो जोगेश्वरीला गेला.

"ये, भामटीच्या घरी ये," सुंदराबाई म्हणाल्या. "पाणी घेतोस?"

"चुकलो, आजी."

"मटण फिकं झालं रे. व्याही अजून बोलून दाखवतात."

सुयोगला पायाखालच्या फरशीत शिरावंसं वाटलं.

"तक्रार मागे घेते. पण बँकवाले ह्यांच्याशीच बोलणार. ह्यांना ऐकू येत नाही, नि नाव मी घेणार नाही. तूच बोल."

पलंगावर बसलेल्या आजोबांनी हसून कार्ड पुढे केलं.

फोन लागला. सुयोगने भिंतीकडे तोंड केलं, आवाज सत्तरीचा केला आणि कसाबसा म्हणाला, "हां, मी माणिक बोलतोय."

पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, "थँक यू सर. हल्ली फसवणूक फार वाढलीय ना, म्हणून ओळखीचे दोन प्रश्न विचारते."